घाटाखालच्या पावसाळी रानात वसंतातलं पक्षीनिरीक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांत उलटली की माझा फोन वाजायला लागतो. "यंदा सुर्ल्याला कधी?" मी बेळगावचा. फाल्गुन-चैत्रात पाच-सहा जणांना घेऊन अनमोड घाट उतरतो आणि गोव्यातल्या तांबडी सुर्ल्याच्या आसपासच्या रानातल्या एखाद्या लॉजवर तीन-चार दिवस मुक्काम ठोकतो. पहिल्यांदा येणारे दरवर्षी तेच प्रश्न विचारतात. आता एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे घसा वाचेल.

हे खरंच रेनफॉरेस्ट आहे का? की लॉजवाल्यांची जाहिरात?

थोडं खरं, थोडी जाहिरात. गोव्याच्या पूर्व कडेला घाटाच्या पायथ्याशी भगवान महावीर अभयारण्य आहे आणि त्याच्या पोटातच मोले राष्ट्रीय उद्यान. सगळं मिळून सुमारे 240 चौरस किलोमीटर. यातलं बरंचसं रान पानगळीचं किंवा निमसदाहरित आहे : ऐन, किंदळ, जांभा, कुंभा ही झाडं. ओढ्याकाठी, घळींमध्ये आणि घाटाच्या सावलीच्या अंगाला मात्र अस्सल सदाहरित पट्टे लागतात. वर छत मिटलेलं, खाली भेरली माड आणि वेत, भर दुपारीही अंधारून आल्यासारखं. तुम्हाला हवे असलेले बहुतेक पक्षी याच पट्ट्यांत असतात. लॉजचा फलक वाचू नका, जवळ बारमाही ओढा आहे का ते विचारा.

सत्तरी तालुक्यात बांबरजवळ 'निरंकाराची राय' नावाची देवराई आहे. तिथे रानजायफळाच्या कुळातली झाडं दलदलीत उभी आहेत आणि त्यांची मुळं गुडघ्यासारखी पाण्याबाहेर आलेली दिसतात. एक सकाळ राखून ठेवता आली तर ठेवा. देवाची जागा आहे. चपला बाहेर, आवाज खाली.

वसंतच का? पक्षी तर हिवाळ्यात जास्त असतात ना?

संख्येनं, हो. डिसेंबर-जानेवारीत दुरून आलेले पाहुणे पक्षी असतात, मिश्र थवे मोठे असतात, हवाही छान असते. यादी लांबवायची असेल तर तेव्हाच या, मी आग्रह करणार नाही.

वसंतात मिळतं ते वेगळं. आपल्याकडे युरोपासारखं बर्फ वितळून फुलं येण्याचं प्रकरण नाही. इथला वसंत कोरडा, उकाड्याचा आणि तांबूस असतो. कुसुंबाला कोवळी पालवी फुटते ती हिरवी नसतेच, तांब्याच्या रंगाची असते. सावर आणि पांगारा लाल होतात. ओढे आटून डबक्यांपुरते उरतात आणि पाण्यासाठी पक्ष्यांना ठरावीक जागी यावंच लागतं. पानगळीच्या भागात फांद्या उघड्या असतात, म्हणून वरचं दिसतं. मुख्य म्हणजे पक्षी गातात. हिवाळ्यात गप्प असलेला पक्षी मार्चमध्ये स्वतःहून आपला पत्ता सांगतो.

शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही घरचं जेवायला मिळतं. पर्णवटवटे, निळ्या टोपीचा कस्तुर, रानधोबी हे पाहुणे अजून गेलेले नसतात आणि इथल्या रहिवाशांची घरटी सुरू झालेली असतात.

नेमके कोणते दिवस?

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा मध्य. मला विचाराल तर होळीनंतरचे आणि गुढीपाडव्याच्या आधीचे दिवस. गोव्यात तेव्हा शिगमो असतो. एखाद्या गावात रात्री ढोल-ताशे ऐकू येतील, त्याला इलाज नाही आणि तक्रारही नाही.

एप्रिलअखेर आणि मे महिना ज्यांना घामाचं काही वाटत नाही त्यांच्यासाठी. पण त्यातही गंमत आहे. वळवाची एक सर पडून गेली की पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' करून कान किटवतो आणि शीळकरी कस्तुर पहाटे गायला लागतो.

पोहोचायचं कसं?

पुण्याहून मिरज-बेळगाव-लोंढ्यावरून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस कुळ्याला थांबते. तिथून लॉजची गाडी सांगून ठेवा. मुंबईकरांनी कोकण रेल्वेनं करमळी किंवा मडगाव गाठावं. पणजीहून तांबडी सुर्ला साधारण 65 किलोमीटर. बेळगावहून स्वतःची गाडी असेल तर खानापूर-रामनगर-अनमोड-मोले. घाटात मालवाहू ट्रकांची रांग लागली की वेळेचा हिशेब सोडून द्यायचा.

लॉज कसा निवडावा?

यावर मी जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. खोलीचे फोटो बघून लॉज ठरवू नका. फोन करून पुढच्या गोष्टी विचारा आणि पलीकडचा माणूस अडखळतो का ते ऐका.

सकाळी पावणेसहाला चहा मिळेल का? "नाश्ता आठ ते दहा" असं उत्तर आलं तर ते पर्यटकांचं ठिकाण आहे, पक्ष्यांचं नव्हे. पाखरंवाल्यांना सवयीचा असलेला लॉज उजाडायच्या आधी कोरा चहा आणि बिस्किटं देतो, नाश्ता साडेनऊला.

आवारात उंबर, वड किंवा पायर आहे का? या वर्षी धरलाय का? हे ज्याला माहीत आहे, त्याच्याकडे डोळे झाकून जा. फळाला आलेलं एक उंबराचं झाड तीन किलोमीटर चालण्यापेक्षा जास्त देतं.

जनरेटर कुठे आहे, आणि शनिवारी रात्री गाणी लागतात का? एकदा आम्ही एका नव्याच लॉजवर उतरलो. खोल्या झकास, बाहेर तरणतलाव. रात्री अकरापर्यंत स्पीकर दणदणत होता आणि झाडांवर हिरवे-निळे दिवे सोडलेले. सकाळी आवारात कावळे आणि साळुंक्या सोडून काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आगाऊ दिलेले पैसे सोडून आम्ही उठलो.

आवार किती झाडलेलं असतं? हा प्रश्न विचित्र वाटेल. पण पालापाचोळा रोज झाडून जाळणाऱ्या लॉजवर नवरंग कशाला येईल? त्याचं खाणं त्या पाचोळ्याखालीच असतं. झोपडीवजा खोली, साधी गादी, मच्छरदाणी, मागे न झाडलेलं रान आणि पुढे बसायला ओटा : मला एवढंच लागतं. वातानुकूलित खोलीला माझा विरोध नाही, पण खिडकी बंद करून झोपलात की निम्मं पक्षीनिरीक्षण गेलं.

दिवस कसा जातो?

मार्चच्या मध्याला इथे पावणेसातच्या सुमारास उजाडतं, एप्रिलअखेर सव्वासहाला. आम्ही त्याआधी अर्धा तास ओट्यावर असतो. चालायला नव्हे, ऐकायला. अंधारात सर्वांत आधी बहुधा रानकोंबडा ओरडतो. मग कुटुरगा एकदा सुरू झाला की दिवसभर थांबत नाही. त्यानंतर भृंगराज. हा नकलाकार आहे. पहिल्या दिवशी नवखा माणूस सर्पगरुड, शिक्रा आणि आणखी दोन पक्षी वहीत लिहितो, आणि उजाडल्यावर कळतं की चारही आवाज एकाच काळ्या पक्ष्याचे होते, शेपटीला दोन लांब तारा असलेल्या.

साडेसहा-सात ते साडेनऊ चालणं. दोन-अडीच तासांत दीड किलोमीटर झालं तर खूप झालं. ज्यांना ट्रेकिंगची सवय आहे त्यांना हे फार जड जातं. मागच्या वर्षी कोल्हापूरचे एक काका दर दहा मिनिटांनी विचारायचे, "निघायचं का पुढं?" तिसऱ्या दिवशी त्यांनीच एका पडलेल्या ओंडक्यावर पाऊण तास बसून कर्णा हा पक्षी पाहिला. आम्ही पुढे निघून गेलो होतो, आम्हाला दिसला नाही.

दहानंतर रान थंडावतं. अकरा ते साडेतीन झोपा, वाचा, अंघोळ करा. फक्त एक करा : लॉजवर पाण्याची उथळ कुंडी असेल तर दुपारी तिच्याजवळ बसून राहा. सकाळी न दिसलेले सातभाईंचे भाऊबंद, बुलबुल, रानकस्तुर एकेक करून पाण्यावर उतरतात. घाटावर गणेशगुडीला तर अशा कुंड्यांसमोर बसूनच लोक दिवस काढतात. उकाडा जितका जास्त, तितकी कुंडीवर गर्दी. उन्हाळ्याचा हा एकच फायदा मी मनापासून मान्य करतो.

संध्याकाळी चार ते अंधार पडेपर्यंत ओढा.

कोणते पक्षी दिसतील?

'दिसतील' असं मी कुणालाच सांगत नाही. 'तिथे आहेत' एवढं सांगतो.

मलबारी कर्णा. ज्याच्यासाठी निम्मे लोक येतात तो हाच. नर पोटाला गुलाबी-लाल, छातीवर पांढरा पट्टा, डोकं काळं. मादी मातकट-पिवळसर. तो मधल्या उंचीच्या फांदीवर ताठ बसून राहतो आणि माणूस दिसला की पाठ फिरवतो. पाठ तपकिरी, म्हणजे झालाच अदृश्य. एक हळू 'क्यू… क्यू… क्यू' ऐकू आलं की थांबा. आवाजाच्या दिशेनं चालत गेलात तर तो आणखी आत सरकतो.

फ्रॉगमाउथ, मराठीत बेडूकतोंड्या. दिवसा जोडी जवळजवळ बसून झोपलेली असते, दाट जाळीत, डोक्याच्या उंचीवर किंवा थोडी वर. वाळलेली पानं वाटावीत अशी. नर राखाडीकडे झुकणारा, मादी तांबूस. शोधून सापडत नाही. गावातल्या पोरांना जागा ठाऊक असतात. एकच अंडं घालतात, शेवाळ आणि स्वतःच्या पिसांच्या टीचभर घरट्यात, आणि दिवसा त्यावर नर बसतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये एकटाच नर बसलेला दिसला तर दुरूनच परत फिरा. त्याच्याखाली बहुधा घरटं असतं.

गोव्याचा राज्यपक्षी असलेला बुलबुल : पिवळं अंग, काळं डोकं, गळ्यावर निखाऱ्यासारखा ठिपका. पश्चिम घाट सोडून जगात कुठे नाही, आणि इथे मात्र लॉजच्या कढीपत्त्यावरही येऊन बसतो. लोक त्याच्याकडे बघतही नाहीत, सगळ्यांचं लक्ष कर्ण्याकडे.

फेअरी ब्लूबर्डचा नर म्हणजे काळ्या मखमलीवर कुणी निळी शाई ओतल्यासारखा. उंबर धरला असेल तर नक्की येतो. त्याच झाडावर हरियाल, तांबट, डोंगरी मैना, शेकरू. एक छोटा हिरवा, आखूड शेपटीचा पोपट फांदीला वटवाघळासारखा उलटा लटकून फुलातला मध खातो. त्याच्या 'व्हर्नल हँगिंग पॅरट' या इंग्रजी नावातलं 'व्हर्नल' म्हणजे वसंतातला. म्हणजे आपलाच गडी.

शिवाय हृदयांकित सुतार, निखार, स्वर्गीय नर्तक, पाचू कवडा, ओढ्यावर निळ्या कानाचा खंड्या. नवरंग अजून असतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालतो. तमिळमध्ये त्याला 'सहा वाजताचा पक्षी' म्हणतात, इतका वेळेचा पक्का. आपण रंग मोजले, त्यांनी घड्याळ लावलं.

चार धनेशांबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

तीन दिवसांची आमची यादी साधारण नव्वदच्या घरात जाते. काही वर्षी सत्तर. सत्तरवालं वर्ष वाईट होतं असं मला आठवत नाही.

तिबोटी खंड्या दिसेल का?

बहुधा नाही. हा प्रश्न फोटो बघून येतो आणि ते फोटो जून-जुलैचे असतात. कोकणातल्या ओढ्यांवर तो पावसाच्या तोंडावर घरट्यासाठी येतो, ओल्या मातीच्या कडेत बीळ करतो. चैत्रात तुम्हाला दिसलाच तर दैव तुमचं. मला श्रेय देऊ नका, आणि नाही दिसला तर बोलही लावू नका.

धनेशाचं घरटं बघायचंय. दाखवाल का?

लांबून, आणि दहा मिनिटं. का ते सांगतो.

गोव्यात धनेशाच्या चार जाती आहेत : महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि गावाकडे दिसणारा साधा राखी धनेश. कोकणात पुष्कळ गावांत मोठ्या धनेशालाच गरुड म्हणतात. तेव्हा गावकरी 'गरुड बघितला' म्हणाले तर आकाशाकडे बघू नका, उंबराकडे बघा. महाधनेश आधी ऐकू येतो. पंखांचा आवाज येतो, जुनं वाफेचं इंजिन दम टाकत चाललंय असा.

जानेवारी-फेब्रुवारीपासून जोड्या जुन्या मोठ्या झाडांच्या ढोल्या तपासत फिरतात. एकदा ठरलं की मादी आत शिरते आणि विष्ठा, फळांचा चोथा, माती यांनी तोंड लिंपून घेते. उरते ती फक्त चोच जाईल एवढी फट. आत असताना तिची उडायची पिसं गळतात, म्हणजे ठरवलं तरी तिला बाहेर पडून उडता यायचं नाही. तोवर सगळं नरावर. उंबर, रानजायफळ, काजरा, कधी सरडा, कधी बेडूक. गळ्यात साठवून आणतो आणि एकेक फळ चोचीत आणून फटीतून देतो. महाधनेशाचं हे प्रकरण पिल्लू उडेपर्यंत जवळपास चार महिने चालतं.

आता विचार करा. ढोलीच्या समोर आठ माणसं, तिपाया, कुजबुज, कुणाचा तरी लाल शर्ट. नर फळं घेऊन येतो, शेजारच्या झाडावर थांबतो, बघतो, परत जातो. तासाभरानं पुन्हा येतो, माणसं तिथेच. त्या दोन फेऱ्या कुणाच्या पोटातून गेल्या?

एकदा कर्ण्याच्या घरट्याचं असंच झालं होतं. कुजलेल्या खोडात, माणसाच्या कंबरेइतक्या उंचीवर होतं. फोटोवाल्यांचा एक गट सलग दोन दिवस तिथे बसला आणि समोर येणाऱ्या फांद्या त्यांनी 'जरा बाजूला' केल्या. आठवड्यानं गेलो तर खोड रिकामं होतं. सापानं नेलं असेल, धामणीनं नेलं असेल, मला माहीत नाही. फांद्या मात्र सापानं तोडल्या नव्हत्या.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणं तर येतंच, ती विस्कटणं-डिवचणंही येतं. हे मी गटाला पहिल्याच रात्री जेवताना सांगतो. एरवी माझं न ऐकणारे कायद्याचं नाव काढलं की ऐकतात.

मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलावता का?

नाही. वसंतात तर अजिबात नाही. पक्ष्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला. तो खाणं सोडून, घरटं सोडून भांडायला येतो, आणि भांडायला कुणी नसतंच. गाईड लावू लागला तर नम्रपणे 'नको' म्हणा. तो गिऱ्हाईकाला खूश करायला लावतो. तुम्हाला नको हे कळलं की त्यालाही हायसं वाटतं.

दुर्बीण कोणती आणू?

8×42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं. दुकानदार 10×42 गळ्यात मारेल, जास्त मोठं दिसतं म्हणून. उघड्या माळावर ठीक आहे. दाट रानात उजेड कमी असतो. 42 ला 8 नं भागलं की डोळ्यात येणाऱ्या उजेडाचं वर्तुळ सव्वापाच मिलिमीटरचं, 10 नं भागलं की चारच्या थोडं वर. शिवाय आठपटीला दिसणारा भाग रुंद, त्यामुळे पानांत हलणारा पक्षी पटकन सापडतो. दुर्बीण नसेल तर उसनी आणा, पण दोघांत एक आणू नका. दोघांत एक असली की तिसऱ्या दिवशी नवरा-बायको बोलत नाहीत, असा अनुभव आहे.

कॅमेरा?

आणा, पण पहिली सकाळ खोलीत ठेवा. झाडीत उजेड इतका कमी असतो की आयएसओ 3200 च्या खाली फारसं काही जमत नाही. एकपायी स्टँड पुरे, तिपाई अरुंद वाटेवर सगळ्यांच्या पायात येते. फ्लॅश नको. झोपलेल्या बेडूकतोंड्यावर तर नकोच.

मराठी नावं कशी लक्षात ठेवायची? इंग्रजी सोपी वाटतात.

सवयीचा भाग आहे. मराठी नावं अनेकदा पक्षी करतो काय ते सांगतात : सुतार, शिंपी, धोबी, तांबट. अख्खी बलुतेदारी झाडावर. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करता करता आदिवासींकडून, पारध्यांकडून अशी नावं गोळा करत राहिले, म्हणून ती आपल्याला मिळाली. काही जातींना रुळलेलं मराठी नाव नाही, तिथे मी खुशाल इंग्रजी वापरतो. ओढूनताणून केलेली भाषांतरं रानात कुणाच्या तोंडी बसत नाहीत.

ॲप चालतं का?

मर्लिन हे पक्षी ओळखायचं ॲप घरूनच उतरवून घ्या, भारताच्या पक्ष्यांच्या संचासकट. रानात रेंज नाही. आवाज ओळखायला मदत होते, पण भृंगराज त्यालाही फसवतो. नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाका. फक्त घरट्यांच्या नेमक्या जागा लिहू नका.

जळवा, साप, किडे?

जळवा पावसाळ्यातल्या. मार्च-एप्रिलमध्ये जवळपास नाहीतच.

साप आहेत. चापडा झुडपात वेटोळं घालून बसतो, हिरव्यात हिरवा. फांदीला हात लावण्याआधी बघायची सवय लावा. अंधार पडला की टॉर्चशिवाय खोलीतून स्नानगृहातही जायचं नाही. बूट सकाळी झटकून घाला.

गोचिडीचं मात्र गांभीर्यानं घ्या. याच कोरड्या दिवसांत, साधारण डिसेंबर ते मे, माकडतापाचा धोका असतो. हा रोग 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. पुढे गोव्यात सत्तरीत आणि आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातही रुग्ण आढळले. काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना याचा त्रास जास्त, कारण काजूचा हंगाम आणि गोचिडीचा हंगाम एकच. पूर्ण बाह्या, लांब पँट, तिचं टोक मोज्यात खोचलेलं. ध्यान दिसतं, दिसू दे. कपड्यांवर किडे पळवणारं औषध लावा. पाचोळ्यावर थेट बसू नका, प्लॅस्टिकचा तुकडा जवळ ठेवा. खोलीवर आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ आणि अंग तपासणं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. घरी परतल्यावर आठ-दहा दिवसांत एकाएकी सणसणून ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं : "मी जंगलात जाऊन आलोय."

हे वाचून घाबरून बेत रद्द करू नका. इतक्या वर्षांत आमच्या गटात कुणाला काही झालेलं नाही. पण मोजे सगळ्यांना खोचायला लावतो.

लहान मुलं, आजी-आजोबा चालतील का?

आजी-आजोबा उत्तम. त्यांना बसता येतं. आईला एकदा घेऊन गेलो होतो. गुडघ्यांमुळे ती ओट्यावरून हललीच नाही. संध्याकाळी आम्ही तंगड्या तोडून आलो तर ती म्हणाली, "ते लांब चोचीचं, डोक्यावर डोकं असलेलं पाखरू समोरच्या झाडावर दोनदा येऊन गेलं." आम्ही दिवसभर कवड्या धनेशच शोधत होतो.

मुलं आठ वर्षांच्या पुढची. त्याहून लहानांना पहाटे उठवणं त्यांच्यावर अन्याय आणि आमच्यावरही.

जेवणाचं काय?

भात, हुमण, सोलकढी, तांबडी भाजी, सकाळी पातळभाजी-पाव. शाकाहारी असाल तर आधी सांगा, नाहीतर तीन दिवस बटाटा. मार्चपासून काजूचा हंगाम, म्हणजे गावात हुर्राक, काजूच्या बोंडांची दारू, असतं. चाखा, पण रात्री उशिरापर्यंत चाखलेल्याला पहाटे साडेपाचला मी हाक मारणार नाही.

रात्री रानात जाता येतं का?

अभयारण्यात नाही, अंधार पडायच्या आत बाहेर यावं लागतं. लॉजच्या आवारातच पुष्कळ असतं. बेडूकतोंड्या तिन्हीसांजेला उतरत्या सुरात हसल्यासारखा ओरडतो, रातवा वाटेवर बसतो, पिंगळा ओरडतो. खुर्ची बाहेर काढा आणि दिवा विझवा.

दूधसागर, देऊळ वगैरे?

देऊळ जरूर. तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं मंदिर कदंबांच्या काळातलं, काळ्या बेसॉल्टचं, बाराव्या-तेराव्या शतकातलं. शेजारून ओढा वाहतो आणि आवारातली झाडं पक्ष्यांना फार प्रिय आहेत. दर्शनाच्या बसगाड्या येण्याआधी जा.

दूधसागरला वसंतात पाणी बारीक आणि जीपगाड्यांची धूळ जाड. पावसाळ्यात रेल्वेतून बघा.

गाईड लागतोच का?

पहिल्या खेपेला हो, आणि गावातलाच घ्या. ज्याचा आजा याच रानात लाकडाला आणि मधाला फिरला, त्याला कुठल्या वळणावर कोण बसतं ते ठाऊक असतं. पैसे ठरवताना घासाघीस करू नका. आणि त्यानं एखादी जागा 'आज नको' म्हटली तर का ते विचारू नका. तिथे बहुधा घरटं असतं.

काहीच दिसलं नाही तर?

असं एकदाच झालं. तीन दिवस ढगाळ, कुंद, पान हलत नव्हतं. चौथ्या दिवशी सामान गाडीत टाकून सगळे चिडचिडत उभे होतो, आणि लॉजच्या स्वयंपाकघरामागे, खरकटं टाकतात तिथल्या ओहोळात शीळकरी कस्तुर गायला लागला. शाळेतून घरी चाललेल्या पोरानं निवांत शीळ घालत जावं तसा, सूर सोडून देत, पुन्हा पकडत. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. लोंढ्याची गाडी चुकली.